मुंगीताईंची काडी

"रक्त मुंगीताईंनीच काढायचं," असा हट्ट लॅबमध्ये रोज कुणी ना कुणी धरायचंच. "मुंगी चावली म्हणा," असं त्या म्हणेपर्यंत सुई शिरेत जाऊन बाहेरही आलेली असायची, म्हणून हे नाव. डोळ्यांना न दिसणारी शीर त्यांच्या बोटांना सापडायची. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

पण गेले सहा महिने त्यांचा उजवा हात मधूनच थरथरत होता. हे ठाऊक होतं फक्त नवऱ्याला. तो लेथवर काम करणारा माणूस. यंत्र जरा वेगळं वाजलं तरी त्याला कळायचं, मग बशीवर कप वाजलेला कळणार नाही?

"अगं, दिवसभर डॉक्टरांच्या गराड्यात असतेस, एकाला तरी दाखव."

"दाखवलं की हातातली सुई जाईल," त्या म्हणाल्या आणि विषय मिटवला.

त्याच सुमारास एका शर्टांच्या कारखान्यात दोघांना गोवर झाला. बाकी चारशे कामगारांपैकी कुणाच्या अंगात गोवराची प्रतिपिंडं आहेत, म्हणजे कुणाला संरक्षण आहे, हे बघायचं होतं. पण रक्त म्हटलं की माणसं काढता पाय घ्यायची. मग लॅबच्या मॅडमनी टोकाला स्पंज असलेल्या काड्या मागवल्या. हिरड्यांवरून काडी फिरवायची, लाळ तपासायची, सुईचं कामच नाही. मात्र लाळ रक्ताइतकं खरं बोलते का, हे ठरवायला आधी साठ जणांचं दोन्ही घ्यायचं होतं.

"इतकी वर्षं रक्त काढलं, आता थुंक्या गोळा करू?" मुंगीताई फणकारल्या. पण गेल्या.

कारखान्याच्या ऑफिसात कापडाचे गठ्ठे सरकवून दोन टेबलं मांडली. एकावर काड्या आणि सूचनांचा कागद. जो तो आपलं आपण करत होता. दुसऱ्यावर मुंगीताई. पहिले दोघे ठीक गेले. तिसरी काजबटणवाली. तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर टपोरी वर आली, आणि सुईचं टोक हलताना मुंगीताईंना स्वतःलाच दिसलं. टोचलं, पण शीर चुकली. बाईनं ओठ आवळले. मुंगीताईंनी सुई खाली ठेवली.

"मॅडम, माझा हात माझं ऐकत नाहीये. आजचं नाही हे, सहा महिने झाले. तुम्ही घ्या."

मॅडम हातमोजे चढवत म्हणाल्या, "ताई, तुम्ही शेजारी बसा. तुम्ही बोलत असलात की लोक घाबरत नाहीत."

त्या दिवशी घरी आल्यावर मुंगीताई चपला न काढता तशाच खुर्चीत बसून राहिल्या. भात नवऱ्यानंच लावला.

आठवड्यानं निकाल आले. एक्कावन्न जणांच्या रक्तात प्रतिपिंडं होती, पण त्यांतल्या चौतीस जणांच्याच लाळेत दिसत होती. "गाशा गुंडाळावा लागणार," मॅडम हिरमुसून म्हणाल्या.

"मी एकदा जाऊन बघू?"

मुंगीताई थेट काजबटणवालीकडे गेल्या. आधी तिची माफी मागितली, मग तिला एक काडी दिली. "त्या दिवशी कशी केलीस, दाखव बरं."

तिनं काडी जिभेवर ठेवली आणि मस्त चोखली.

"अगं बाई, ही काय लिमलेटची गोळी आहे? आणि कागदावर काय लिहिलं होतं?"

"ते एवढ्या बारीक अक्षरात! सगळे करत होते तसं मी केलं."

मुंगीताईंनी हे सांगितल्यावर मॅडमनी कपाळाला हात लावला. लाळेतली ही प्रतिपिंडं बरीचशी हिरडीच्या कडेनं रक्तातून झिरपलेली असतात. चोखलेल्या काडीला ती मिळणार कुठून?

साठही जणांच्या काड्या पुन्हा झाल्या. या वेळी मुंगीताई प्रत्येकासमोर बसल्या. "दात जिथं हिरडीत शिरतो ना, त्या रेघेवरून. सावकाश. घाई असेल तर मी थांबते." एक्कावन्नपैकी एकोणपन्नास जुळले.

दरम्यान त्यांनी डॉक्टरांना हात दाखवला. आजार जिवावरचा नव्हता; वडिलांचाही हात म्हातारपणी असाच हलायचा. गोळ्यांनी कंप कमी झाला, थांबला नाही. सुई गेली ती गेलीच. रुग्णांचे हात नुसते बघताना अजूनही त्यांची बोटं शीर शोधायची, आणि मग त्या ती मुठीत घ्यायच्या.

चारशे जणांच्या काड्या मात्र त्यांनी तीन आठवड्यांत पुऱ्या केल्या. अडतीस जणांना संरक्षण नव्हतं, त्यांना लस द्यायचं ठरलं. रांगेतला एक आडदांड इस्त्रीवाला नर्सच्या हातातली सिरिंज बघून जागीच अडला.

"ताई, ही लस काडीवरून नाही का हो देता येत?"

"नाही रे बाबा, अजून नाही," असं म्हणत मुंगीताई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. "बरं, मला सांग, दिवसाला किती शर्ट होतात तुझे?"

तो सांगायला लागला.