उबेसाठी बुजवलेल्या फटी

मंडळी, आज सकाळी कुंभवलीच्या आमच्या चाळीत शेजारची सखूमावशी गेली. तिची लेक मंगल इथे कारखान्यात कामाला आहे, म्हणून मावशी जव्हारकडच्या पाड्यावरून थंडीपुरती राहायला आली होती.

मंगल रात्रपाळीहून परतली, तर आतून कोणी दार उघडेना. शेवटी आम्ही ते तोडलं. मावशी गोधडीत निपचित पडली होती आणि जवळच्या घमेल्यात कोळसे विझले होते. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून तिने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "धूर दिसला नाही तरी कोळशाचा विषारी वायू बंद खोलीत साठतो. झोपेत माणसाला कळतही नाही."

मंगल रडत होती. "आय बोलली, तू गारठून येशील, खोली गरम ठेवते. गावाला आमी चुलीपाशीच निजतो, कदी कोनाला काय झाला नाय!"

गावी कुडाच्या भिंतींतून वारा खेळतो. इथे सिमेंटची खोली.

थंडी वाजली तर जमिनीवर पोती अंथरा, आणखी एक गोधडी घ्या, पण बंद खोलीत निखारे ठेवू नका. तुमच्या शेजारी कोणी ठेवतं का? आज जाऊन विचाराल?