काळी पडलेली जोडवी

माझी जोडवी काळी पडायला लागली तेव्हा सासूबाईंनी मलाच बोल लावला. "राख लावून घासत जा की जरा. माहेरी शिकवलं न्हाय का?" मी रोज घासत होते. पण माझं दळण मागच्या खोलीत, आणि तिथंच कणगीखाली धाकट्या दिरांनी गंधकाचं पोतं पुरलेलं. निजामाशी लढायला हद्दीपलीकडं जमलेल्या मंडळींना बारूद करायला ते पोचवायचं होतं. दीर सापडले असते तर जिवंत परत आले नसते.

मग एके सकाळी अमीन, म्हणजे पोलिसांचा साहेब, गल्लीत आला. झडत्या घेऊन थकला होता, म्हणून नवी अक्कल काढली. प्रत्येक घराच्या मागच्या खोलीत त्यानं दोऱ्याला लखलखीत चांदीची गुंडी टांगली आणि दाराला लाखेची मोहर लावली. "दो रोज में काली पडी, तो समझो हवा में गंधक है," म्हणाला. गल्लीच्या दोन्ही तोंडांना शिपाई बसवले.

दीर भिंतीला टेकून बसले. सासूबाई रडायला लागल्या. मला मात्र संताप आला. माझ्या पायांना महिनाभर जे कळत होतं, ते हा मला शिकवत होता!

माहेरी लोणच्याच्या दिवसांत हिंगानं काळी पडलेली चांदीची वाटी मी पाहिली होती. आमची माळवदं एकमेकांना चिकटलेली. मिरच्या वाळवायच्या निमित्तानं मी वर चढले आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना गाठलं. हिंग आणि ठेचलेला लसूण फडक्यात बांधायचा आणि साण्यातून, म्हणजे छताच्या उजेडाच्या भोकातून, गुंडीला भिडेपर्यंत खाली सोडायचा. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "माझ्या घरात काय बी न्हाय गं."

"म्हणून तर तुमची काळी पडाया पायजे," मी म्हटलं. तिनं डब्यातला सगळा हिंग काढला.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुरचुंड्या वर ओढून घेतल्या. अमीननं मोहरा फोडल्या. हिंग-लसणाचा वास तर आमच्या घराघरात रोजचाच. एकूण एक गुंडी काळी. "ये क्या है?" तो ओरडला.

पदर सावरून मीच पुढं झाले. "आमच्या गल्लीची हवाच अशी हाय, साहेब. न्यायचं तर समद्यास्नी न्या."

दारादारात बाया उभ्या होत्या. त्यानं एकदा गल्लीभर पाहिलं, गुंड्या खिशात कोंबल्या आणि गल्लीच्या तोंडचे शिपाई उठवून निघून गेला. पोतं त्याच आठवड्यात हद्दीपार झालं.

अमीन गेला त्या संध्याकाळी मी जोडवी घासायला बसले. सासूबाईंनी राखेची वाटी उचलून अंगणात भिरकावली. "राहू दे काळीच," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना, वेशीतल्या शिपायासमोरून, मी लुगडं चार बोटं वर खोचून चालले.