दत्ताचा स्क्रू ड्रायव्हर आणि समुद्र

'चालू द्या.'

मशीन रिकामं फिरतंय, सगळी शेड गप्प, आणि त्यात दत्ताचा हा जाडाभरडा आवाज. अजून कानात आहे.

दत्ता गेला त्याला तारखेनं आज वर्ष झालं. तिथीनं मागच्या आठवड्यातच.

चाकणच्या कंपनीत आम्ही दोघं मेंटेनन्सला. दुरुस्ती झाली की दत्ता लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून मशीनचा आतला आवाज ऐकायचा.

तो 'चालू द्या' म्हणाला की मगच प्रॉडक्शन सुरू. तोवर मॅनेजरसुद्धा खिशात हात घालून उभे.

एकदा एक प्रेस मशीन बसवायला आम्हाला विशाखापट्टणमला पाठवलं. काम दुपारीच उरकलं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी.

दत्ता लातूरकडचा, समुद्र कधी न पाहिलेला. मी राजगुरुनगरचा, भीमेकाठी वाढलेला. माझाही समुद्र पाठ्यपुस्तकातलाच.

सिटी बसनं बीच रोडला उतरलो. आधी हिरव्या मुगाचा डोसा खाल्ला. आल्याच्या चटणीनं दत्ताच्या डोळ्यांत पाणी.

'समुद्र बघायच्या आधीच रडवलं की, गुरुजी.'

कवितांच्या नादामुळे तो मला गुरुजी म्हणायचा.

वाळूतून चालत खडकांपर्यंत गेलो. ऊन उतरलेलं, लांब टेकडीवर दीपगृह. मला राहवेना. शाळेतली कविता चालीत सुरू केली.

'गुरुजी, थांबा जरा. आधी मला ऐकू द्या.'

आणि त्यानं पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक खडकावर, मूठ कानाला. लाटा आदळत होत्या, पँट गुडघ्यापर्यंत भिजली. हा डोळे मिटून.

मी विचारलं, 'बेअरिंग गेलंय का?'

'न्हाई. लै जुनं मशीन हाय, पण आवाज साफ.'

मग समुद्राकडे बघून, अगदी सिरियसली, 'चालू द्या.'

हॉटेलवरून त्यानं घरी फोन लावला. वहिनींनी विचारलं असणार, समुद्र कसा आहे.

'सांगून कळायचा न्हाई. तुला आणतो ना.'

ही खडकाची गोष्ट त्यानं वहिनींना पुढे कितीदा ऐकवली असेल. पण नेणं राहिलंच. ओव्हरटाइम, पोरीचं लग्न, मग गुडघे, मग छाती.

हॉस्पिटलमध्ये मला म्हणाला, 'तिला समुद्र दावायचा राहिला, गुरुजी.'



आज सकाळपासून हेच टाइप करत होतो. इथपर्यंत आलो आणि बेल वाजली.

दारात वहिनी.

काळेवाडीहून इथे पिंपळे गुरवला त्या एकट्या कधी आल्या नव्हत्या. चेहरा उन्हानं रापलेला, हातात कापडी पिशवी.

'भाऊजी, वर्षश्राद्ध झाल्यावर पोरीनं हरिहरेश्वरला नेलं. कालच आलो.'



त्यांनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. मुठीच्या खाचेत अजून वाळू.

'खडकाला लावून ऐकलं. लोकं बघत हुती. बघू दे म्हणलं.'

'मग?'

'मग काय. चालू द्या म्हणलं.'

वहिनी आत हिच्याशी बोलत बसल्यात, चहा होतोय. तेवढ्यात हे पोस्ट करतो.

दत्ता, राम राम.