हरिभाऊंचा सर्व्हर आणि सगुणाचा मेन स्विच

हरिभाऊ मयेकर टेलिफोन खात्यातून रिटायर झाले आणि आमच्या रक्तदाता मंडळाच्या मानगुटीवर बसले. हे मी प्रेमाने म्हणतेय. मंडळ म्हणजे मारुती मंदिराजवळच्या दोन खोल्या, फोनवर मी, झाडलोट आणि चहाला सगुणा आणि कॉम्प्युटरपाशी हरिभाऊ. कुणाला रक्त लागलं की दवाखान्यातून फोन यायचा. हरिभाऊ यादीत बघून सांगायचे, या गटाचा माणूस पालीत आहे, त्या गटाचा आंजर्ल्याला. चार हजार नावं होती. जुनी कार्डं त्यांनीच उत्साहाने निकालात काढली. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी दोन वर्षं किराण्याच्या याद्या लिहिल्या.

२००२ साली भाद्रपद लागता लागता सर्व्हर अडून बसायला लागला. डिस्क भरली म्हणायचा आणि यादी उघडायचाच नाही. चार हजार नावांनी अशी किती जागा खावी? हरिभाऊंनी व्हायरस शोधला, उंदीर शोधले, शेवटी पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "काका, तात्पुरत्या फायली साचल्यात, उडवून टाका." प्रोग्रॅम दर शोधाला अख्ख्या यादीची एक तात्पुरती नक्कल करायचा आणि बंद होताना ती पुसायचा. आमच्याकडे मात्र त्या पुसल्याच जात नव्हत्या. हरिभाऊंनी उडवाव्यात आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. पोराने रोज भिंतीवर रेघोट्या ओढाव्यात आणि आपण रोज चुना मारावा, तसं चाललं होतं.

पण माणूस टेलिफोन खात्यातला, वहीत नोंद केल्याशिवाय शिंकायचासुद्धा नाही. त्यांनी पंधरवडाभर त्या फायलींच्या वेळा उतरवून काढल्या. सगळ्या दुपारी तीन ते पाचच्या. मग एक दिवस परतीच्या पावसाचा गडगडाट सुरू झाला. सगुणा हातातला कप तसाच ठेवून पळाली, यूपीएसमधून सर्व्हरची पिन उपटली आणि मेन स्विच खाली ओढला. सर्व्हर एका दमात गप्प. हरिभाऊ वहीकडे बघत राहिले.

यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. वीज कडाडली की मेन बंद, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. मी स्वतः घरी तेच करते. प्रोग्रॅमला फायली पुसायला सवडच मिळत नव्हती, ते कुणाच्या ध्यानात येणार?

"सगुणा, आधी मला सगळं नीट बंद करू दे, मग ओढ. पाच मिनिटांचं काम आहे," हरिभाऊ म्हणाले.

"नाय ओ जमायचं, भाऊ. वीज काय पाच मिन्टं थांबते काय?"

हरिभाऊ तापले. तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आमचा रघू भात कापीत होता. घरात ये म्हणून हाक मारली मी. एवढी पेंढी बांधतो नि येतो, म्हटलान."

रघू तिचा धाकटा भाऊ. नाटे गावात, त्यांच्याच शेतात वीज पडून गेला. हरिभाऊंनी वही मिटली आणि रोज सकाळी येऊन आदल्या दिवशीच्या फायली उडवायला लागले.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी साडेतीनला कडाडलं, स्विच गेला. पावणेचारला फोन आला. मृणाली नावाची बाळंतीण, बी निगेटिव्ह, रक्तस्राव थांबत नाही, लगेच माणूस पाठवा. हरिभाऊंनी पिन लावून स्विच वर केला. सगुणा कोपऱ्यात कान झाकून बसली, पण आडवी आली नाही. मध्येच बंद पडलेला सर्व्हर आधी सगळी डिस्क तपासत बसला, पडद्यावर टक्के मोजत, पंचवीस मिनिटं. मग म्हणाला, डिस्क भरली; नवरात्राच्या गडबडीत आठवडाभर फायली उडवायच्या राहून गेल्या होत्या. हरिभाऊ फायली उडवत होते आणि मी दोन वर्षांपूर्वीच्या छापील यादीवरून नंबर फिरवत होते. निम्मे बदललेले. एक जण मुंबईला गेलेला, एका घरी कुणी उचलेना. इतकी हतबल मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

साडेचारला यादी उघडली. पालीचे एक शिक्षक मिळाले, म्हणाले, निघालोच. दवाखान्यात कळवायला मी फोन केला. नर्स म्हणाली, "नको हो बाई आता. गेली ती. बाळ आहे."

पालीला परत फोन केला, तर शिक्षक निघालेले होते. दवाखान्यातून त्यांना आमच्याकडे पाठवलं. ते चिंब भिजून दारात उभे राहिले आणि विचारलं, "उशीर नक्की कुठे झाला?" हरिभाऊ पडद्याकडे वळले. मीच त्यांना पंचा दिला.

दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा गडगडायला लागलं. सगुणा उठली नाही. पदर मुठीत धरून स्टुलावर बसून राहिली. हरिभाऊंनी घाईघाईने यादी बंद करायला घेतली. तेवढ्यात अगदी डोक्यावर कडाडलं आणि तिच्या तोंडून रघूचं नाव निघालं. हरिभाऊ यादी तशीच टाकून उठले, सर्व्हरची पिन उपटली आणि त्यांनी स्वतः मेन स्विच ओढला. मग खुर्ची घेऊन तिच्याशेजारी बसले. तास-सव्वा तास आम्ही तिघं त्या काळोख्या खोलीत फोनकडे बघत होतो. तो वाजू नये, एवढंच मनात होतं.