टाकी नसलेलं शहर

नळ आले की आमच्या गल्लीतल्या अक्का आधी स्वतःच्या बादल्या भरत नसत. हातात उलथनं घेऊन बाहेर यायच्या आणि आपलं लोखंडी फाटक बडवायच्या. "उठा रे बठ्ठा, सगळे उठा, नळ आले." आमच्या जळगावात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. वेळ झोपेत गेली की पुढचे दिवस शेजाऱ्याच्या दारात. गल्लीतलं शेवटचं दार उघडेपर्यंत ते उलथनं थांबत नसे.

अशा या बाईला सत्तरीत कॉम्प्युटर गेमचा नाद लागला, हे कोणाला खरं वाटत नाही. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला, आणि त्यात शहर वसवायचा एक गेम होता. रस्ते आखायचे, वीज-पाणी द्यायचं, मग माणसं आपोआप राहायला येतात. अक्कांनी घरं वसवली, शाळा बांधली. पाणी मात्र आपल्या रीतीनं दिलं, आज या वॉर्डाला, परवा त्या वॉर्डाला. पंप बंद केला की त्या भागातली माणसं सामान भरून चालती व्हायची.

अक्का भडकल्या. माहेर धुळ्याकडचं, राग आला की तिकडची बोली तोंडात यायची. "पानी नही उनं म्हनीसन कोन गाव सोडस?" पाणी आलं नाही म्हणून कोणी गाव सोडतं का, हा त्यांचा सवाल.

मी शेजारी, झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, थोडं इंग्रजी येणारा. म्हणजे आपसूक त्यांचा कारकून. मी म्हटलं, "अक्का, पंप चालूच ठेवा ना. गेममधल्या पाण्याला काय तोटा?"

"तोटा नसेल. पण त्यांच्या घरांवर टाकी नाही, ही खरी खोट. लिही कंपनीला. पुढच्या अपडेटमध्ये घरोघरी टाकी पाहिजे."

लिहिलं. अपडेट आलं, त्यात बर्फ होता. बाहेर मे महिना, कूलर गरम हवा फेकतोय आणि पडद्यावर भुरुभुरु बर्फ. अक्का बघतच राहिल्या. "यांना बर्फ पाडता येतो, आणि एक टाकी ठेवता येत नाही?"

पुन्हा लिहिलं. ट्राम आली. पुन्हा लिहिलं, कुत्र्यांसाठी बाग आली. निम्मं शहर ओसाड पडलं तरी बाईंनी पाण्याची पाळी मोडली नाही. मी म्हणायचो, हा शुद्ध हट्ट आहे. "आहेच," त्या म्हणायच्या. "मी का बदलू? त्यांनी बदलावं."

खरं भांडण मुलाशी होतं. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. दर सुट्टीत यायचा आणि म्हणायचा, "आई, पुण्याला चल. चोवीस तास पाणी आहे." अक्का त्याला पडद्यासमोर बसवायच्या, पंप बंद करायच्या आणि पळणारी माणसं दाखवायच्या. "हे बघ. यात तू कोणता?" तो बिचारा हसायचा. आपलं घर सोडायला लागू नये, एवढंच त्या बाईचं मागणं होतं.

मग एकदा भरली बादली घेऊन जिना चढताना पाय घसरला आणि खुबा मोडला. मुलानं गाडीच्या मागच्या सीटवर गादी अंथरली. आम्ही उचलून बसवलं तेव्हा मला म्हणाल्या, "वरची टाकी भरलेली शे. येतेच मी." मला त्या दिवशी भयंकर राग आला होता. कोणाचा, ते अजून सांगता येत नाही.

पुण्याहून फोन यायचे. "इथं नळ जातच नाही रे. शेजारी कोण राहतं तेही कळत नाही." आणि लगेच, "अपडेट आलं का?"

शेवटच्या फोनला आवाज पार खोल गेला होता, पण मजकूर सांगताना त्या अडखळल्या नाहीत. "लिही. तुमची माणसं पळतात, ती तुमची चूक आहे. आणि हे पण लिही, मी जळगाव सोडलेलं नाही. मला उचलून नेलंय."

तसंच्या तसं लिहून पाठवलं. अक्का पुण्यातच वारल्या.

कॉम्प्युटर मुलानं माझ्याकडे दिला, उलथनं मी मागून घेतलं. नळ आले की त्यांचं फाटक आता मी बडवतो. गेममधली पाण्याची पाळीही मोडलेली नाही. गिऱ्हाइकं ते ओसाड शहर बघून हसतात, हसू देत.

परवा नवं अपडेट आलं. विमानतळ मोठा झालाय, टाकी नाही. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पुन्हा लिहायला बसलो. खाली नाव अक्कांचंच टाकलं, आणि पत्ता जळगावचा.