जुनंच दार
अकोल्यात आमच्या शाळेचं नेट दुरुस्त करायला एकजण आला होता. नाव विचारायचं राहिलं. शाळेची साइट उघडेना म्हणून मी कॉम्प्युटरला शिव्या देत होतो.

त्यानं टेबलावर बोटानं टकटक केलं. "सर, कॉम्प्युटर नावावरून पत्ता काढते. साइटचं नाव तेच हाय, घर बदललं. हा जुनंच दार ठोकून राह्यला."

त्यानं कॉम्प्युटरनं धरून ठेवलेला जुना पत्ता पुसला आणि साइट उघडली.

"त्याले शिव्या काहून देता? त्याले मालूम नोतं."

मला मालूम होतं. भाऊ अमरावतीला राहायला गेलेला ठाऊक असूनही, अबोल्यापायी मुलीच्या लग्नाची पत्रिका मी मुद्दाम त्याच्या पातूरच्या जुन्या पत्त्यावर टाकली होती.

रविवारी दुसरी पत्रिका घेऊन अमरावतीला गेलो. तसंच टकटक केलं. दार भावानंच उघडलं.