राजगिऱ्याच्या दाण्याएवढा डोंगर

सातवीतल्या माझ्या लेकीच्या वाट्याला शाळेत चिठ्ठ्या टाकून एस्टोनिया आला. उठावाचा नकाशा करायचा, रुंदी एक मीटर, आणि उंचीलाही तेच प्रमाण. प्रमाण चुकलं तर नकाशा गावच्या लायब्ररीत मांडला जाणार नव्हता, आणि तिला तो तिथे मांडायचाच होता.

माझे बाबा तेव्हा दिवाळीसाठी पुण्याहून अमेरिकेत ईडन प्रेरीला आमच्याकडे आले होते. दर दिवाळीला अंगणात किल्ला करणारा माणूस. मातीचं काम म्हटल्यावर त्यांनी बाह्या सारल्या. मी संध्याकाळी ऑफिसातून आले, तर गॅरेजमध्ये प्लायवुडवर एस्टोनिया तयार. किनारा चोख, पश्चिमेची दोन मोठी बेटं जागच्या जागी, उत्तरेला समुद्राकाठी राजधानी टालिन. आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात वीतभर उंच डोंगर, पायवाटेसकट. वर अळीवसुद्धा पेरलेले.

"देशातला सगळ्यात उंच डोंगर," बाबा म्हणाले.

"किती उंच, आजोबा?" लेकीने विचारलं.

"तीनशे अठरा मीटर. फोनवर बघितलं मी."

तिने तिथेच पेन्सिलने हिशोब मांडला. देश साधारण साडेतीनशे किलोमीटर रुंद, म्हणजे एक सेंटिमीटरला साडेतीन किलोमीटर.

"आजोबा, हा एक मिलिमीटरपण नाहीये. पॉइंट नाइन. तुमचा सत्तर किलोमीटर झालाय, एव्हरेस्टच्या आठपट! विमानं आपटतील यार."

"अगं, मिलिमीटरचा कसला आलाय डोंगर!"

"तुमचं पुणंच त्याच्यापेक्षा उंचावर आहे. पाचशे साठ मीटर."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. घरातले आकडे तपासायचं काम माझं. मी दोनदा गुणून पाहिलं. बाबांच्या डोळ्यांत आशा होती, पण त्यांच्यासाठी आकडा वाकवणं मला जमणार नव्हतं.

"बाबा, तिचं बरोबर आहे."

त्यांनी डोंगरावरच्या पायवाटेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "उलथनं आण."

डोंगर त्यांनी स्वतः उतरवला, अळिवासकट. लेक शेजारी उकिडवी बसून बघत होती. हळूच म्हणाली, "टालिनचं आपण वेगळं मॉडेल करू या? मोठ्या स्केलवर, बाजूला. तिथे टेकडीवर वरचं गाव आहे, आणि पायथ्याशी तटाच्या आतलं खालचं."

"म्हणजे बालेकिल्ला आणि माची!" बाबा ताडकन उठले. "बुरूज किती आहेत ते बघून सांग. एकही जास्त नको."

नकाशा लायब्ररीत मांडला गेला. तीन पुणे जिल्ह्यांएवढा देश, सपाट, हिरवा, पाणथळ. बाजूला टालिन, लाल कौलांचं, तटाबुरजांचं. एका गृहस्थांनी वाकून विचारलं, सगळ्यात उंच जागा कुठाय? लेकीने त्यांच्या हातात भिंग दिलं आणि आग्नेयेला चिकटवलेला राजगिऱ्याचा एक दाणा दाखवला. ते मोठ्याने हसले, मग पुन्हा वाकून नीट बघत राहिले. ती इंग्रजीत प्रमाण समजावत होती, न अडखळता, एकही आकडा न चुकवता.

बाबा माझ्या कानाशी आले. "तिला सांग, त्यांना सांगायला. दाणा मी निवडलाय. सगळा डबा उपसला, तेव्हा बरोब्बर मापाचा मिळाला."